बी.कॉम. झालेल्या मुलांनी फंडाचे हिशेबही शिकावेत

"पोरगं बी.कॉम. झालं, कारखान्याच्या अकौंट्समध्ये चिकटवा की!" हा आग्रह दर हंगामात आमच्या कानी येतो. सभासद बांधवांची तळमळ आम्ही जाणतो. पण हिशेब खात्यात खुर्च्या मोजक्या, आणि छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांतून पदवी घेणारी मुले शेकड्यांनी. म्हणून म्युच्युअल फंडांचे हिशेब ठेवण्याच्या नोकरीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

हे काम आपणांस परके नाही. समजा, फंडाजवळ १०५ लाखांचे रोखे व रोकड आहे, देणी ५ लाख आणि युनिटे १० लाख. तर एका युनिटाचे मूल्य १० रुपये. यालाच एन.ए.व्ही. म्हणतात. आपला ताळेबंद वर्षातून एकदा, हा मात्र कामकाजाच्या दर दिवशी! दुपारी साडेतीनला शेअरबाजार बंद झाला की भाव घ्यायचे, खरेदी-विक्री नोंदवायची, व्याज, लाभांश व खर्च धरायचा, बँकेच्या आणि रोखे सांभाळणाऱ्या कस्टोडियनच्या नोंदींशी मेळ घालायचा. नवख्याच्या वाट्यास बहुधा हा मेळच येतो. मूल्य चुकले तर त्या दिवशी पैसे घालणारा वा काढणारा नाडला जातो. काट्यावर वजन चुकावे, तसेच ते.

परंतु नुसते गोडच सांगणे आम्हांस पटत नाही. ही कामे मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. न्यूयॉर्कचा बाजार बंद होतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दीड-अडीच वाजतात. तिकडच्या फंडाचे काम म्हणजे रात्रपाळी आलीच. शिवाय बरेचसे काम आता संगणकच उरकतो. नुसता आकडे उतरवणारा टिकणार नाही. आकडा का जुळत नाही, हे हुडकणारा टिकेल.

'नोकरीची हमी' सांगून भरमसाट फी घेणाऱ्या क्लासापायी वावर गहाण टाकू नका. जमा-नावे पक्के हवे, एक्सेलवर हात बसलेला हवा, कामापुरते इंग्रजी हवे. 'सेबी'ने २००६ साली स्थापलेल्या एन.आय.एस.एम. संस्थेच्या परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात.

आमची सूचना अशी: गळीत संपल्यावर संचालक मंडळाने सभासदांच्या मुलामुलींसाठी हिशेब खात्यात दोन महिन्यांचा सराववर्ग चालवावा. ऊसबिलातील कपात आणि बँकेचा मेळ ज्याने खऱ्या कागदांवर घातला, तो मुलाखतीत गडबडत नाही. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडावा, आणि नावे देताना मुलींना मागे ठेवू नये.