राख, रिठे आणि ताळेबंद

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी एक नियम शिकवतात. खतावणीत जितकी रक्कम जमेला, तितकीच कुठे तरी नावे पडलेली असते. भांडी घासण्याचे 'नैसर्गिक' द्रावण घरच्या घरी करण्याची जी हौस सध्या सगळीकडे दिसते, तिच्याकडे पाहताना मला हा नियम वारंवार आठवतो. जमेची बाजू सगळेच उत्साहाने सांगतात, नावेची बाजू मात्र कोरी राहते. ती भरावी एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

मला या हौसेची लागण झाली ती गेल्या पावसाळ्यात. आईच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. भाकरी थापताना पीठ भेगांत शिरे आणि ती हात झटके. डॉक्टरांनी मलम दिले व भांड्यांच्या पावडरीत हात घालू नका म्हणून बजावले. मग भांडी कोण घासणार, हा प्रश्न आईने विचारला नाही. घरातल्या आम्हा पुरुषांपैकीही कोणाला तो सुचला नाही. मी मात्र मोठ्या तत्परतेने मोबाईल काढला आणि 'नैसर्गिक' कृती शोधू लागलो.

पहिली कृती व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याची होती. दोन्ही एकत्र करताच असा फेस उसळला की आमची खात्रीच पटली! पण कढईचा ओशटपणा जागचा हलला नाही. वाणिज्य शाखेला रसायनशास्त्र नसले तरी दहावीपर्यंत ते होतेच, आणि मराठी माध्यमात 'उदासिनीकरण' हा शब्द मी घोकून पाठ केला होता. आम्ल आणि अल्कली एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. सोडा तेलकटावर चालतो, व्हिनेगर क्षारांच्या डागांवर चालते. दोन्ही एका भांड्यात ओतले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघून जातात आणि मागे राहते ते जवळजवळ खारे पाणी. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, हा पहिला धडा.

आज्जीने दुसरा उपाय सांगितला, तो राखेचा. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते अल्कली असल्याने तेलाशी मिळून थोडाफार साबणच तयार करते, आणि राखेचे बारीक कण खरवडण्याचे काम करतात. नारळाची शेंडी आणि राख, तांब्या-पितळेला चिंच, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची भांडी लखलखली. पण गॅस आला, चूल गेली आणि चुलीबरोबर राखही गेली. आता शहरात राख पुडीत घालून विकतात, तीही 'नैसर्गिक' म्हणून! मी हे कौतुकाने सांगत असता आज्जीने आपले हात पुढे केले. तिच्या तळव्यांवर जुन्या भेगांच्या रेघा अजून आहेत. त्या कोणत्याही कारखान्याच्या पावडरीने पडलेल्या नाहीत, त्या राखेने पडल्या आहेत. अल्कली चुलीतून आले काय किंवा डब्यातून आले काय, कातडीवरचे तेल ते सारखेच ओढून घेते. निसर्गातून आले ते निरुपद्रवीच असते, ही आपली समजूत आज्जीच्या हातांपुढे टिकत नाही.

तिसरा उपाय शेजारच्या अक्कांनी दिला. त्यांच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी, आणि कुंपणापाशी दोन्हींची मिसळ. मी रिठ्यांचे विचारताच त्या म्हणाल्या, "अंटुवाळकाई म्हण की! रविवार पेठेत मिळतात." खरोखरच मिळाले, आणि दुकानदाराला दोन्ही नावे ठाऊक होती. त्यांची कृती अशी: वीस-बावीस रिठे फोडून बिया काढाव्यात, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळून, कुस्करून, गाळून घ्यावे आणि त्यात दोन लिंबांचा रस पिळावा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते, त्यामुळे पाण्याला फेस येतो आणि तेल सुटते. बोअरच्या जड पाण्यात साधा साबण जसा फाटून चोथा होतो तसा हा होत नाही. मात्र हे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलीच आग होते, आणि चार-पाच दिवसांत ते आंबते.

आता हिशेब. पाव किलो रिठे साठ रुपयांना आले, त्यात तीन खेपा झाल्या. म्हणजे एका खेपेला रिठे २० रुपयांचे, लिंबे १० रुपयांची, गॅस अंदाजे ५ रुपयांचा. एकूण ३५ रुपये. आटून पाऊण लिटर पाणी उरले, ते आमच्या पाच माणसांच्या घरी पाच दिवस पुरले. दुकानातली २० रुपयांची वडी आमच्याकडे दहा दिवस जाते. शिवाय प्रत्येक खेपेला पाऊण तास मोडला. मजुरीच्या रकान्यात मी काहीच लिहिले नव्हते. वहीत डोकावून आईने विचारले, "आणि पुढच्या खेपेपासून हे उकळायचं कुणी?" माझ्या ताळेबंदातली चूक तिने एका वाक्यात काढली.

ज्यांच्याकडे भांडी धुण्याचे यंत्र आहे त्यांचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. त्या यंत्राला फेस मुळीच चालत नाही, म्हणून हातावरचे द्रावण किंवा रिठ्याचे पाणी त्यात घालता येत नाही. त्याची पावडर म्हणजे मुख्यतः तीव्र अल्कली, पाणी मऊ करणारे क्षार आणि अन्नाचे कण तोडणारी एन्झाइम्स. पूर्वी तीत फॉस्फेट भरपूर असे. ते सांडपाण्यातून तळ्यांत गेले की शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून घरगुती यंत्रांच्या पावडरीतील फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली. बळ्ळारी नाल्याचे पाणी पाहिलेल्या बेळगावकराला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आपल्या मोरीतले पाणी शेवटी कोणाच्या तरी शिवाराकडेच जाते. तेव्हा काय वापरावे याचा विचार जरूर झाला पाहिजे, त्याबद्दल माझे दुमत नाही.

माझा आक्षेप आहे तो श्रमाच्या कोऱ्या रकान्याला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा बिनपगारी वेळ २८९ मिनिटे भरला आणि पुरुषांचा ८८ मिनिटे. या २८९ मिनिटांत आणखी पाऊण तास घालायचा आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचे, हा कुठला न्याय? बाईने रिठे उकळायचे, बाईनेच घासायचे आणि पर्यावरण वाचवल्याचे समाधान मात्र सगळ्या घराने घ्यायचे!

यावर उपाय दोन. पहिला, हे काम घराघरांत सुटे न करता एकत्र करावे. करसनभाई पटेलांनी १९६९ साली अहमदाबादेत घरच्या अंगणात पावडर बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली, तीच पुढे 'निरमा' झाली. अंगणातली वस्तू स्वस्त पडते ती मोठ्या प्रमाणावर आणि मजुरी धरून केली तरच. गल्लीतल्या बचत गटाने आठवड्याला एक मोठे पातेले उकळले, त्याला रास्त भाव मिळाला, तर रिठ्याचे पाणी वडीच्या जवळपास येऊ शकेल. आपल्या वसतिगृहाच्या खानावळीपासून सुरुवात करायला काय हरकत आहे? हिशेब ठेवायला आम्ही वाणिज्यवाले आहोतच.

दुसरा उपाय त्याहून स्वस्त आहे. आईची बोटे दोन महिन्यांत बरी झाली. घरात सगळ्यांनी रिठ्याला श्रेय दिले, अक्कांनीही मान डोलावली. पण हिशेब खरा ठेवायचा तर नोंद अशी पडेल की त्या दोन महिन्यांत रात्रीची भांडी मी घासली आणि सकाळची बाबांनी. आईचे हात बरे झाले ते मुख्यतः त्यांना विश्रांती मिळाली म्हणून. तेव्हा वाचकहो, रिठे जरूर आणा, राख मिळाली तर तीही वापरा. पण कोणते द्रावण चांगले हे विचारण्याआधी घरात एक प्रश्न विचारा: आज भांडी कोणाकडे?