आभाळातून दगड पडला तर

३० जून हा जागतिक लघुग्रह दिन. १९०८ साली याच तारखेला सायबेरियातील तुंगुस्का भागात अवकाशातून आलेल्या एका पिंडाचा हवेतच स्फोट झाला आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरचे जंगल आडवे झाले. साहजिकच या दिवशी चर्चा होते ती धोक्याची. लघुग्रह म्हणजे नेमके काय, हे माणसाला कसे उमगत गेले, ही गोष्ट मात्र मागे पडते. तिच्यात भारताचा वाटा आहे आणि महाराष्ट्राचाही.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातला ‘एशिया’ हा ६७ क्रमांकाचा लघुग्रह नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून त्याचे हे नाव. लघुग्रह शोधायला छायाचित्रे तेव्हा वापरात आली नव्हती. दुर्बिणीला डोळा लावायचा, दिसणारा एकेक तारा नकाशाशी ताडून पाहायचा आणि नकाशात नसलेला ठिपका आढळला की पुढच्या रात्री तो सरकला का, हे तपासायचे. सरकला, तर तो तारा नव्हे.

पुढे त्या ठिपक्याच्या प्रकाशातूनच बरेच काही कळले. ‘एशिया’चा व्यास साधारण ५८ किलोमीटर आहे. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे पावणेचार वर्षे लागतात. त्याचे तेज ठरावीक काळाने कमीजास्त होते, त्यावरून तो सुमारे सोळा तासांत स्वतःभोवती फिरतो हे समजले. अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशाचा जवळपास चौथा हिस्सा तो परत फेकतो. वर्णपटावरून तो ‘एस’ प्रकारात, म्हणजे दगडी लघुग्रहांत मोडतो. ऑलिव्हिन आणि पायरोक्झिन ही खनिजे अवरक्त प्रकाशाचा ठरावीक भाग शोषून घेतात. त्यांच्या या खुणा दगडी लघुग्रहांच्या वर्णपटांत दिसतात.

तरीही एक पेच उरला होता. पृथ्वीवर सर्वाधिक पडणाऱ्या दगडी उल्का या लघुग्रहांचेच तुकडे असावेत, असा तर्क होता. पण दोघांचा रंग जुळत नव्हता. जपानच्या ‘हायाबुसा’ यानाने २०१० मध्ये ‘इतोकावा’ या दगडी लघुग्रहावरची धूळ आणली आणि उलगडा झाला. द्रव्य तेच होते. सौरवारा आणि सूक्ष्म कणांच्या माऱ्याने पृष्ठभागाचा रंग तेवढा बदलला होता.

म्हणूनच जमिनीवर पडलेला दगड मोलाचा. २२ मे २०१२ रोजी भरदुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात असे दगड पडले. ते ‘एल६’ वर्गातील दगडी उल्कापाषाण ठरले. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांना त्यांत ब्रिजमनाइट हे खनिज आढळले आणि २०२१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली हेच खनिज विपुल आहे. तिथवर आपला हात पोहोचत नाही. अवकाशातल्या टकरीच्या प्रचंड दाबाखाली घडलेला त्याचा नमुना मात्र काटोलला हाती आला.

उद्या असा दगड अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या शिवारात पडला, तर तो ओळखता येईल का? इथे अडचण आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यातही लोहखनिज असल्याने त्याला कमीअधिक चुंबक लागतो. भट्टीतून निघालेले कीटही काळे आणि जड असते. त्यामुळे नुसत्या चुंबकावर विसंबून चालणार नाही. ताज्या उल्कापाषाणावर मिलिमीटरभरही जाड नसलेली काळी, वितळलेली साल असते. तुटलेल्या बाजूला आतला भाग बहुधा फिकट राखाडी दिसतो आणि त्यात धातूचे बारीक कण चमकतात. कीटात आणि आपल्या काही पाषाणांत दिसणारी वायूची छिद्रे त्यात सहसा नसतात.

असा दगड मिळाला तर तो धुऊ नये, फोडू नये. शेंदूर, तेल, हळद-कुंकू लावू नये. पाण्याने त्यातले लोखंड गंजते आणि हातोड्याने पुरावा मोडतो. पडल्याची जागा आणि वेळ लिहून ठेवावी, खड्डा पडला असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, दगड कोरड्या स्वच्छ पिशवीत ठेवावा आणि तहसील कार्यालयाला कळवावे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे मुख्यालय नागपूरलाच आहे. तिथवर निरोप लवकर पोहोचणे महत्त्वाचे. हे चार नियम प्रत्येक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला फारसा खर्च येणार नाही. जिल्हा प्रशासनाने या लघुग्रह दिनी एवढे जरूर करावे.