जिताड्याचे खाद्य आणि पोत्यावरील दोन आकडे

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत राहणारे, पण मूळचे पेण तालुक्यातील एक वाचकबंधू आम्हांस लिहितात : खारेपाटातील वडिलोपार्जित तळ्यात त्यांचा पुतण्या कर्ज काढून जिताडा पाळीत आहे, तेव्हा ग्वाल्हेरकडे रोहू-कटल्यास घालतात तेच स्वस्त खाद्य त्याने का घालू नये? प्रश्नात घरची शिल्लक गुंतलेली आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

रोहूचा निर्वाह बव्हंशी वनस्पतींवर. शेकडा २५ ते ३० प्रथिने व थोडा स्निग्धांश असला की त्याचे भागते. उरलेली शक्ती तो कोंड्यातील पिष्टातून मिळवितो. जिताडा हा समुद्राच्या पाण्यात जन्मणारा, खाडीत वाढणारा शिकारी मासा. पिष्ट त्यास फारसे मानवत नाही. त्याच्या खाद्यात शेकडा ४० ते ४५ प्रथिने हवीत. पिलांना त्याहूनही अधिक.

येथवर पुष्कळांस ठाऊक असते. परंतु प्रथिनांचा आकडा मोठा दिसला की लोक संतुष्ट होतात, आणि शेजारचा स्निग्धांशाचा आकडा कोणी वाचीतच नाही. वस्तुतः पोहण्यासाठी व श्वासोच्छ्वासासाठी माशास शक्ती ही लागणारच. स्निग्धांश अपुरा पडला, तर तो प्रथिनेच जाळतो. म्हणजे खाद्यातील सर्वांत महाग वस्तू मांस न होता सरपण होते! शिवाय जळलेल्या प्रथिनांतील नत्र अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे तळ्यात उतरतो आणि पाणी नासवितो. एक ग्रॅम स्निग्धांश प्रथिनाच्या दुपटीहून अधिक शक्ती देतो. म्हणून शेकडा १० ते १५ स्निग्धांश असल्यास प्रथिने वाढीसाठी मोकळी राहतात.

मग तेल ओतीत सुटावे काय? मुळीच नाही. शक्तीची गरज भागली की मासा खाणे आवरतो. त्यामुळे प्रथिने पोटात कमी जातात, आणि चरबी यकृतात व आतड्यांभोवती साचते. वजन भरते, मांस भरत नाही. तेलही कोणतेही चालत नाही. सागरी माशांस लागणारी काही स्निग्धाम्ले भुईमुगाच्या वा सोयाबीनच्या तेलात नसतात. ती तारलीसारख्या मासळीच्या तेलातूनच यावी लागतात.

खारेपाटात जुन्या रीतीने लहान मासळी घालतात. तीत तीन चतुर्थांश पाणीच. म्हणून किलोभर जिताड्यास कित्येक किलो मासळी खर्ची पडते. तारली एका हंगामात चरबीने भरलेली, तर दुसऱ्यात कोरडी. तेव्हा प्रमाण हाती राहत नाही. आणि गरिबाच्या कालवणात जाणारी मासळी श्रीमंताच्या माशास घालावी, हे आम्हांस खटकते.

चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले. आता त्याचे तयार खाद्यही मिळते. पुतण्याने पोत्यावरील दोन्ही आकडे वाचून, महिन्याभरात संपेल इतकेच खाद्य घ्यावे. कोकणच्या दमट हवेत स्निग्ध खाद्य लवकर खवट होते, आणि खवट खाद्याने माशाचे यकृत बिघडते.