वनशास्त्र शिकायचंय? शिष्यवृत्ती आहे, पण पहिल्या महिन्याचं काय?
सुरगाणा, पेठच्या मुलांना जंगल नवं नाही. त्याची पदवी मात्र दूर आहे. राज्यातील कृषी विद्यापीठांची वनशास्त्र महाविद्यालयं दापोली आणि अकोल्यात आहेत.

आदिवासी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर ‘महाडीबीटी’वर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. शासकीय वसतिगृह न मिळाल्यास ‘स्वयम्’ योजनेतून जेवण-निवासासाठी मदत मिळू शकते. पीएचडीसाठी केंद्राच्या दरवर्षी ७५० फेलोशिप आहेत.

अडचण सुरुवातीची आहे. खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे आधी भरावे लागतात. शिष्यवृत्ती अर्जाच्या पडताळणीनंतर येते. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. पहिला हप्ता प्रवेशासोबत देण्याचा विचार इथूनच सुरू व्हावा. तोवर जातीचा, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा.