खाते थांबते, कर्ज थांबत नाही

घरातील कर्ता माणूस गेला की तेरा दिवस त्या घरात पैशाचा विषय काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. संकेत उचितच आहे. शोकाला अवधी हवा. परंतु बँकेच्या खतावणीला तेरा दिवस ठाऊक नसतात. खातेदाराच्या निधनाची वार्ता कळताच त्याच्या एकट्याच्या नावावरील बचत खात्यातून पैसे देणे बँक थांबवते. अफरातफर टळावी म्हणून तसे करणे योग्यही आहे. मात्र त्याच माणसाने घरासाठी काढलेल्या कर्जावरील व्याज मृत्यूच्या दिवशीही चढते आणि दुसऱ्या दिवशीही चढते. खात्यातून परस्पर वळता होणारा हप्ता आता परत जातो, आणि हप्ता परत गेल्याचा आकार पुन्हा कुटुंबाच्याच माथी बसतो. म्हणजे कुटुंबाचे येणे गोठते आणि देणे वाहत राहते. मृताच्या आर्थिक व्यवहारांची निरवानिरव हा आपल्याकडे केवळ कागदपत्रांचा प्रश्न मानला जातो. वस्तुतः तो या विषमतेचा प्रश्न आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, गृहकर्जाची बाकी १८ लाख रुपये आहे आणि व्याजाचा दर नऊ टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले साडेतेरा हजार रुपये. त्याच गृहस्थाच्या बचत खात्यात ३ लाख रुपये पडून आहेत आणि त्यांवर अडीच टक्के व्याज मिळते, असे धरले तर महिन्याला ६२५ रुपये जमा होतात. वारसांचे कागद जमण्यास सहा महिने लागले तर एका बाजूला ३,७५० रुपयांची जमा आणि दुसऱ्या बाजूला ८१,००० रुपयांचे व्याज, असा हिशेब उभा राहतो. हप्ते भरण्यास पुरेसा पैसा मृताच्याच खात्यात असतो. तरीही कर्ज थकीत ठरते. नव्वद दिवस थकबाकी राहिली की ते अनुत्पादक कर्जांच्या यादीत जाते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखालील साठ दिवसांची नोटीस घराच्या दारात येऊ शकते.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट का होतो, हे येथील अर्थकारण पाहिले की उमगते. गिरण्यांच्या काळापासून येथील घरे मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली. गिरण्या गेल्या, मनीऑर्डरीची जागा बँकेच्या खात्याने घेतली. पण कमावणारा एका गावी आणि कुटुंब दुसऱ्या गावी ही रचना पुष्कळ घरांत टिकून राहिली. पगाराचे खाते अंधेरीत, कर्ज विरारच्या सदनिकेवर, मुदत ठेव लांज्याच्या शाखेत, चार पैसे गावच्या पतसंस्थेत, आणि या सर्वांचे कागद कोणत्या पेटीत आहेत ते एकट्या चाकरमान्यालाच ठाऊक! आखातात नोकरीस गेलेल्यांच्या घरची स्थिती याहून निराळी नाही. आंबा बागायतदाराच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा असतो. मिरकरवाड्याहून समुद्रात गेलेला खलाशी बेपत्ता झाला तर मृत्यूचा दाखलाच हाती येत नाही. सात वर्षे काही वार्ता न लागल्यास मृत्यू झाल्याचे गृहीत धरण्याची १८७२ च्या पुरावा कायद्यातील तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. ती सात वर्षे कर्जाचा हप्ता कोणी भरावयाचा, हे मात्र कोणताही कायदा सांगत नाही.

ठेवींच्या बाबतीत परिस्थिती बरीच सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. बँक खात्यावर नामनिर्देशन करण्याची सोय १९८३ च्या दुरुस्तीने झाली आणि १९८५ च्या नियमांनी ती व्यवहारात आली. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यास चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सर्व कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने दावा निकाली काढला पाहिजे. दिरंगाई झाल्यास बँकदरापेक्षा चार टक्के अधिक दराने भरपाई दिली पाहिजे. नामनिर्देशन वा ‘दोघांपैकी हयात’ अशी नोंद असेल तर रक्कम कितीही असो, न्यायालयाचा दाखला मागता येत नाही. नामनिर्देशन नसेल आणि वाद नसेल तर व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत सोपी पद्धत लावावयाची आहे. अंमलबजावणीसाठी ३१ मार्च २०२६ ही अखेरची तारीख ठरविण्यात आली.

तथापि नियम सोपे झाले म्हणून समज वाढली, असे नाही. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक, हा भ्रम सुशिक्षितांतही दृढ आहे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते ती विश्वस्त म्हणून. मालकी वारसांची वा मृत्युपत्राप्रमाणे ठरणाऱ्यांची. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ मध्ये आणि बँक ठेवींबाबत २०१० मध्ये हेच सांगितले. १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर व म्युच्युअल फंडांबाबत तोच निर्वाळा मिळाला, तो ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या प्रकरणात. आमच्याकडे वारंवार घडते ते असे : तरुण मुंबईस नोकरीला लागतो, पहिले खाते उघडताना आईचे नाव देतो, पुढे लग्न होते, मुले होतात, पण ते नाव बदलण्याचे राहून जाते. पैसे सासूच्या हाती येतात आणि सून रिकाम्या हाताने उभी राहते. उलट पत्नीचे नाव असले की आईला काहीच मिळावयाचे नाही, असे समजले जाते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मृत्युपत्राविना मरण पावलेल्या पुरुषाची आई, विधवा, मुलगे व मुली या सर्वांस प्रथम वर्गात बसविले आहे, याचे स्मरण दोन्ही बाजूंना नसते.

दाखल्यांचाही असाच घोळ आहे. तलाठ्याकडील वारस नोंद जमिनीच्या अभिलेखापुरती असते. बँक तेवढ्यावर ठेव देण्यास बांधलेली नाही. ठेवी व येण्यांसाठी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालील दाखला निराळा, आणि आपल्या राज्यात दिवाणी न्यायालय जो वारस दाखला देते तो तर मुंबई सरकारच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखालचा! दोनशे वर्षांच्या या थरांतून वाट काढताना गावातील बाई एजंटाच्या हाती सापडली तर नवल नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्यासाठीच आहे, हे तिला कोणी सांगत नाही. नाद सोडलेल्या पैशांचे काय होते, हेही पाहावे. दहा वर्षे हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात; मार्च २०२४ अखेर ही रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. निधीत गेल्यानंतरही वारसांचा हक्क बुडत नाही, आणि २०२३ पासून ‘उद्‌गम’ या संकेतस्थळावर नावाने शोधही घेता येतो. परंतु जे विचारावयास जातील त्यांनाच हे मिळते.

आता कर्जाकडे वळू, कारण सर्वाधिक भीती तेथे आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, हा आपला जुना धर्मसंस्कार. ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने त्या धार्मिक कर्तव्याच्या आधारे मुलावर वसुली लावण्याचा मार्ग बंद केला. वारस जबाबदार असतो तो त्याच्या वाट्यास आलेल्या मिळकतीपुरता. स्वतःच्या पगारातून नव्हे. मात्र सहकर्जदार आणि जामीनदार यांची गोष्ट निराळी, त्यांची जबाबदारी स्वतंत्र आणि संपूर्ण असते. आणि तारण ठेवलेले घर हे तारणच राहते. मालक गेला म्हणून गहाण सुटत नाही. म्हणूनच पत्नीने ‘फक्त सही’ केलेली असते ती सहकर्जदार म्हणून की जामीनदार म्हणून, हे मृत्यूनंतर नव्हे, सही करतानाच कळावयास हवे.

पुष्कळ गृहकर्जांबरोबर विमाही घेतलेला असतो, त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळविलेला असतो आणि घरच्यांना त्याची वार्ता नसते. वर्षाला ४३६ रुपये पासबुकातून वजा झालेले दिसले तर ते बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे, म्हणजे २ लाखांच्या हक्काचे असतात. ज्या बँकेने हप्ता कापला त्या बँकेस हे ठाऊक असते. मग सांगावयाचे कोणी?

माझे म्हणणे एवढेच की, ठेवीला जो न्याय लावला तोच कर्जालाही लावावा. २०२५ चे निर्देश ठेवी, लॉकर आणि सुरक्षित ठेवीतील वस्तूंपुरते आहेत. कर्जदार निवर्तल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून नव्वद दिवस, अथवा त्याच्या ठेवींचा दावा निकाली निघेपर्यंत, यांपैकी जी मुदत नंतरची असेल तोवर दंडात्मक आकार लावू नये आणि कर्ज थकीत गणू नये. नेहमीचे व्याज खुशाल चढू द्यावे. ठेव आणि कर्ज एकाच बँकेत असेल तर वारसांच्या संमतीने त्या ठेवीतून हप्ता वळता करण्याची मुभा द्यावी. आणि सूचना मिळताच खाती, नामनिर्देशन, विमा, कर्ज व जामीनदार यांचे एक लेखी टिपण कुटुंबाच्या हाती द्यावे. कर्ज फिटल्यावर मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत करण्याचा आणि कर्जदार हयात नसल्यास ते वारसांस देण्याची रीत ठरविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्येच दिला आहे. शेवटाची काळजी घेतली, मधल्या काळाची राहिली.

बँकेचा पैसा हा ठेवीदारांचा पैसा आहे, सवलतीचा दुरुपयोग होईल, असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच व्याज माफ करा, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या घरास सावरण्यास तीन महिने मिळाले ते घर हप्ते भरू लागते. ज्यास नोटीस मिळाली ते न्यायालयात जाते. जप्त सदनिकेचा लिलाव करून बँकेस वेळेवर आलेल्या हप्त्यापेक्षा अधिक काही मिळते, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

आपल्या जिल्ह्यातील पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या निर्देशांच्या कक्षेत येत नाहीत. त्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालतात. त्यांच्या संचालकांनी पंधरा दिवसांचा नियम स्वतःहून ठराव करून स्वीकारावा, त्यासाठी कोणाच्या आज्ञेची गरज नाही. आणि वाचकांनी? खाती, कर्जे, विमे आणि नामनिर्देशन यांची एका पानाची यादी करून ती पत्नीच्या अथवा पतीच्या हाती द्यावी. हयातीत पैशाची गोष्ट उघड बोलणे आपल्याकडे अशुभ मानतात. ते न बोलल्याची किंमत मागे राहिलेल्या माणसांना हप्त्याहप्त्याने मोजावी लागते.