बेल्ट, पुली आणि षड्ज

टर्नटेबल घ्यायचं ठरलं की ओळखीचे लोक फोन करून विचारतात: लाकडी पेटीचं घेऊ का, ब्लूटूथवालं घेऊ का, स्पीकर कुठले लावू? थाळी कशावर फिरते, हे सहसा कुणी विचारत नाही. ज्यांना ख्याल, नाट्यपदं, अभंग ऐकायचे आहेत त्यांनी माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारावं.

घरच्या ऐकण्यासाठी मी बेल्टवर चालणाऱ्या टर्नटेबलच्या बाजूने आहे. रेकॉर्डची सुई खाचेतली अतिसूक्ष्म वळणं टिपते. मोटर थरथरली तर तीही थरथर ती तितक्याच इमानाने टिपते, आणि मग गाण्याखाली एक घरघर सतत चालू राहते. जुन्या बऱ्याच यंत्रांत मोटर आणि थाळी यांच्यामध्ये एक रबरी चाक दाबून बसवलेलं असे, त्यातून ही घरघर थाळीपर्यंत सहज पोचायची. बेल्टच्या यंत्रात मोटर बाजूला असते, तिच्या पुलीवरून रबरी पट्टा थाळीला वळसा घालतो आणि ती थरथर पोटात घेतो. १९६१ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या एआर कंपनीने असं टर्नटेबल सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा किमतीत काढलं. थाळी आणि टोनआर्म त्यांनी स्प्रिंगांवर तोलून धरले होते. ग्लासगोच्या लिन कंपनीचं सोंडेक एलपी१२ पुढे सत्तरच्या दशकात याच वाटेने आलं, आणि ते आजही बनतं. मोटरवरच थाळी बसवलेली डायरेक्ट ड्राइव्हची यंत्रंही उत्तम असतात. टेक्निक्सचं १९७२चं एसएल-१२०० डीजे मंडळींनी डोक्यावर घेतलं ते क्षणात वेग पकडण्यासाठी आणि दणकटपणासाठी. ख्याल ऐकणाऱ्याला हवी असते शांतता. आलापात गायक थांबतो, श्वास घेतो, आणि घरघर असेल तर नेमकी त्या जागेत ऐकू येते.

बेल्टला स्वतःचा दोष आहेच. रबर कालांतराने सैल पडतं, कडक होतं, कोकणपट्टीच्या दमट हवेत कधी कधी डांबरासारखं चिकटही होतं. मग थाळीचा वेग हेलकावे खाऊ लागतो. ढोलक, व्हायोलिनं आणि कोरस असलेल्या गाण्यात ते लपून जातं. तंबोऱ्यात लपत नाही. लांबवलेला षड्ज जरासा जरी डुलला तरी कान लगेच सांगतो की काहीतरी बिघडलंय.

याहून मोठा घोटाळा परदेशातून आणलेल्या यंत्रांत होतो. ठाण्याच्या एका काकांना त्यांच्या मुलाने न्यू जर्सीहून जुनं, देखणं, बेल्टवालं टर्नटेबल आणून दिलं. वीज ११० व्होल्टची लागते म्हणून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरही घेतला. काका आयुष्यभर पेटी शिकवत आले आहेत. किशोरीताईंच्या भूपाची रेकॉर्ड त्यांनी लावली, दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाले, “अरे, ताई आजारी आहेत का?” मग पेटी पुढे ओढून पट्टी शोधायला लागले. स्वर कुठल्याच पट्टीत बसेना.

कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, विजेची कंपनसंख्या बदलत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, आपल्याकडे ५० हर्ट्झची. जुन्या यंत्रांतल्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग या कंपनसंख्येवरच ठरतो. म्हणून मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची तबकडी इथे पावणेअठ्ठावीसच्या आसपास फेरे घेते. काळी चारमधला षड्ज पांढरी चारच्याही किंचित खाली जातो आणि वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते. उपाय साधा आहे: मोटरवर ५० हर्ट्झची, म्हणजे व्यासाने साधारण एक पंचमांश मोठी पुली बसवायची. काकांच्या यंत्राची थाळी उचलली तेव्हा खाली सगळं उघडंच होतं. आतली छोटी चकती, तिच्यावरून गेलेला बोटभर रुंदीचाही नसलेला काळा पट्टा, आणि कडेला करंगळीच्या पेरापेक्षा लहान पितळी पुली. तेवढा तुकडा बदलला आणि किशोरीताई आपल्या सुरात आल्या. आजकालच्या अनेक यंत्रांत अडॅप्टरवर चालणारी डीसी मोटर असते, तिथे ही अडचण येत नाही. जुनं यंत्र घेताना मात्र मागच्या पट्टीवर व्होल्टबरोबर हर्ट्झही वाचा.

वेग हा गाण्याचाच भाग असतो, याचा सर्वांत दूरचा पुरावा व्हॉयेजर यानांवर आहे. १९७७ साली नासाने सोडलेल्या त्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तबकडीबरोबर सुई आणि कार्ट्रिजही पाठवलं आहे. वेष्टनावर आकृती काढून, हायड्रोजन अणूच्या मापाने, एक फेरा ३.६ सेकंदांत व्हायला हवा हेही सांगून ठेवलं आहे. ऐकणारा कुणीही असो, वेग चुकला तर ती केसरबाईंची भैरवी राहणार नाही, हे त्या शास्त्रज्ञांनी ओळखलं होतं.

आपल्या घरांत माळ्यावर, कपाटाच्या तळाशी अशा पुष्कळ तबकड्या पडून आहेत. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी ज्याच्या घरी आहे, त्याच्याकडे मोठं धन आहे. ती सुटकेसच्या आकाराच्या स्वस्त प्लेअरवर लावू नका. त्यातल्या अनेकांची सुई पाच-सहा ग्रॅमच्या भाराने खाच घासते. बऱ्या टर्नटेबलवर हा भार दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता येतो. ७८च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डी तर एलपीच्या सुईने वाजवूच नका. त्यांना जाड सुई आणि ७८चा वेग असलेलं यंत्र लागतं.

आणि घरात टर्नटेबल असेल तर आज संध्याकाळी एक गोष्ट करून बघा. वेग तपासायची रेघांची चकती बाजारात मिळते (आपल्या विजेसाठी ३३⅓ची १८० रेघांची घ्यावी लागते), पण हल्लीच्या अनेक एलईडी दिव्यांखाली तिच्या रेघा नीट दिसत नाहीत. त्यापेक्षा थाळीच्या कडेला कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवा, रेकॉर्ड लावा, सुई टेकवा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं फेरे मोजा. बरोबर शंभर भरले पाहिजेत. दोन-तीन कमी भरले, तर नवा अ‍ॅम्प्लिफायर शोधण्याआधी बेल्ट बदलून घ्या.