अंगावर काढलेले पाय

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार मराठी माणूस तक्रारीच्या सुरात क्वचितच वापरतो. बहुधा त्यात कौतुकाची छटा असते. आईने ताप अंगावर काढला, वडिलांनी गुडघा अंगावर काढला असे सांगताना आपण सोसणाऱ्याच्या धीराचे गुणगान करीत असतो. ते सोसणे मुळात का भाग पडले, हा प्रश्न त्या वाक्प्रचाराच्या आड सहज लपून जातो. तो विचारण्यासाठी एखाद्या असाध्य रोगाचे उदाहरण घेण्याची गरज नाही. साधे पायाचे दुखणे पुरेसे आहे.

आम्ही महाविद्यालयांत मराठी शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली माणसे. दिवसाचे कित्येक तास फळ्यासमोर उभे राहणे हा आमच्या व्यवसायाचा भाग. वर्गात खुर्ची असते, पण बसून शिकवणाऱ्याकडे विद्यार्थीही जरा संशयानेच पाहतात. उभे राहणे हे श्रम आहेत, ही गोष्ट आपल्याकडे कायद्याच्याही फार उशिरा ध्यानात आली. कापडाच्या व दागिन्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी लढा दिल्यानंतर केरळने २०१८ साली दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क दिला. तमिळनाडूने २०२१ साली तसाच बदल केला. ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ असा उपदेश करणाऱ्या समाजाला त्या पायांची आठवण व्हायला एवढा काळ लागावा, हे सूचक आहे.

आमच्यापैकी एकाची डावी पोटरी गेले आठ महिने दुखते आहे. ‘मग डॉक्टरांना का दाखवत नाही?’ असे सगळेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर विचारणाऱ्याला वाटते तितके सोपे नाही. दवाखाना सकाळी दहाला उघडतो तेव्हा आमचा दुसरा तास चालू असतो. संध्याकाळी पुन्हा उघडतो तेव्हा नॅकच्या अहवालाची बैठक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे किंवा घरचा स्वयंपाक वाट पाहत असतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांची गत याहून बिकट. त्यांनी तास बुडवला तर त्या तासाचे मानधन बुडते. म्हणजे तपासणीचे शुल्क भरण्यापूर्वीच त्यांच्या दुखण्याचा खर्च सुरू झालेला असतो. मोठ्या आजाराला रजा मिळते, सहानुभूतीही मिळते. पण माणूस चालतो-फिरतो आहे, फक्त जिना चढताना कठड्याला धरतो आहे, अशा दुखण्याला समाजात काही दर्जाच नसतो.

वेळ काढला तरी जायचे कोणाकडे, हा पुढचा पेच. आमच्या सहकाऱ्याला प्रथम अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले गेले. क्ष-किरण चित्र पाहून त्यांनी हाडे उत्तम असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी कमरेचा एमआरआय सुचवला, तिसऱ्यांनी रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांचे नाव दिले आणि चौथ्यांनी वजन कमी करण्याचा सल्ला. यातील प्रत्येकजण आपापल्या विषयात प्रवीण असेल. परंतु हाड, नस, शिर आणि स्नायू यांची वाटणी झाल्यावर ‘पाय’ नावाची वस्तू कोणाच्याच वाट्याला आली नाही. १९४६ साली भोर समितीने आरोग्यव्यवस्थेच्या पायाशी एक सर्वसाधारण, समाजात मिसळून काम करणारा डॉक्टर कल्पिला होता. शहरांत ती जागा पुष्कळ वर्षे फॅमिली डॉक्टरने सांभाळली. त्याला रोग्याचा पायही ठाऊक असे आणि त्या पायाला दिवसभर कुठे कुठे जावे लागते हेही ठाऊक असे. तो हळूहळू दिसेनासा झाल्यावर, कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे याचे निदान रोग्यानेच आधी करायचे, अशी उलटी रीत रूढ झाली आहे.

आणि येथे आमच्या विषयाचा, म्हणजे भाषेचा संबंध येतो. पायदुखीत निदानाचा मोठा भाग रोग्याच्या वर्णनावर अवलंबून असतो. काही अंतर चालल्यावर पोटरी आवळून येते आणि नुसते उभे राहिले तरी थोड्या वेळात मोकळी होते, असे असेल तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते. तेच दुखणे उभे राहून थांबत नसेल, पण बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर थांबत असेल, तर कमरेच्या मणक्यांकडे पाहावे लागते. संध्याकाळी पाय भरून येतात आणि उशीवर ठेवल्यावर हलके होतात, ही खूण बहुधा शिरांची. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच टोचते, ती तळव्याच्या पडद्याची. रात्री तळपायांची आग होते आणि मुंग्या येतात, तेव्हा मधुमेह तपासायला हवा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून गरम झाली तर मात्र थांबून चालत नाही. ती रक्ताची गुठळी असू शकते आणि ती जिवावर बेतू शकते. थोडक्यात, ‘पाय दुखतो’ एवढ्या दोन शब्दांत पाच-सहा निरनिराळे आजार लपलेले असतात, आणि त्यांना वेगळे करणारे पहिले साधन यंत्र नसून वाक्य असते.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ सालच्या आजारपणावरील निबंधात इंग्रजीला दुखण्यासाठी शब्द अपुरे पडतात अशी तक्रार केली होती. पुढे १९७५ साली रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेची विशेषणे जमवून, ७८ शब्दांची वीस गटांत मांडणी करणारी मॅकगिल प्रश्नावली सिद्ध केली. मराठीला त्या बाबतीत दारिद्र्य नाही. कळ येते, चमक निघते, सणक जाते, ठणका लागतो, गळू ठसठसते, जखम हुळहुळते, पोटरीत गोळा येतो, मांडी अवघडते, पाय शिणतात. यांतील कोणतेही दोन शब्द अदलाबदल करून वापरता येत नाहीत. गृध्रसी हे नाव तर रोग्याच्या चालीवरून, गिधाडाच्या चालीशी असलेल्या साम्यावरून पडले असे मानतात. आणि कमरेपासून मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी त्या वेदनेची वाट चरकसंहितेत क्रमाने सांगितलेली आहे. इतकी संपत्ती असणाऱ्या भाषेतला रोगी आज तपासणीच्या खोलीत बसतो आणि त्याला विचारले जाते, ‘एक ते दहामध्ये किती?’ तो ‘सहा’ म्हणतो. ठणका की चमक, हे सांगण्याची जागाच त्या आकड्यात नसते.

डॉक्टरांवर सारा दोष ढकलणे आम्हांला मान्य नाही. बाहेर चाळीस माणसे खोळंबलेली असताना कोणाचे पाल्हाळ ऐकायचे, ही त्यांची अडचण खरी आहे. शिवाय शब्द कितीही नेमका असला तरी घोट्याजवळची नाडी बोटांनी चाचपून पाहावीच लागते. परंतु न विचारलेले दुखणे नसल्यातच जमा होते, हेही तितकेच खरे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, त्यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. ‘अंगावर काढणे’ या वाक्प्रचाराचे याहून कठोर भाष्य आम्हांला ठाऊक नाही. तेथे सहनशीलता नव्हती असे कोण म्हणेल? नव्हते ते विचारणारे कोणी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झालाच. पण भाषेचा दर्जा ताम्रपटांवरून जसा ठरतो तसा दवाखान्यातल्या बाकावरही ठरत असतो. व्यावहारिक मराठीच्या नावाखाली आम्ही वर्षानुवर्षे अर्जलेखन, इतिवृत्त आणि बातमीलेखन शिकवतो. त्यात ‘आपल्या दुखण्याचे वर्णन’ हा एक घटक का असू नये? केव्हापासून, कुठून कुठवर, कशाने वाढते, कशाने थांबते, असे चार प्रश्न आणि त्यांची चार नेमकी वाक्ये. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीकडून, शेतावरच्या माणसांकडून दुखण्याचे शब्द गोळा करावेत. मालवणीत, वऱ्हाडीत, अहिराणीत ते कसे बदलतात ते पाहावे. असा संग्रह वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हाती पडला, तर परप्रांतातून येथे शिकायला आलेल्या डॉक्टरला ‘भरून येणे’ आणि ‘आखडणे’ यांतला फरक तरी कळेल. मराठी विभाग आणि वैद्यक यांची गाठ पडण्यासारखी याहून उपयुक्त जागा आम्हांला सुचत नाही.

भाषेने पाय बरा होत नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी वेळ देणारा डॉक्टर हवा, त्याच्याकडे जाता येईल अशी रजा हवी, आणि तास बुडाला म्हणून पोट न बुडण्याची हमी हवी. या मागण्या सोसण्याची थोरवी गाऊन पुऱ्या होणार नाहीत. त्या स्पष्ट शब्दांत कराव्या लागतील. निदान मराठीच्या अध्यापकांनी तरी दुखणे अंगावर काढण्याऐवजी ते आधी नीट सांगावे.